रकान्यातले नऊ

मला कुणी आकडा सांगितला की माझी डावी भुवई वर जाते. डॉक्टरांनी रक्तातली साखर सांगितली तरी जाते, भाजीवालीने मेथीच्या जुड्या मोजून दिल्या तरी जाते. घरच्यांनी या भुवईवर पुष्कळ बोलून घेतलं आहे. पण ती जन्मजात नाही. नांदेडात जन्मलो, वाढलो, शिकलो तोवर माझ्या दोन्ही भुवया एका रेषेत होत्या आणि छापलेला आकडा म्हणजे मला देववाणी वाटायची. भुवई वर चढवली ती लातूरने.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या नवरीने उंबऱ्यावरचं माप ओलांडायच्या आधीच तिला भांडी घासायला बसवावं, तसं या नव्या जिल्ह्याच्या पुढ्यात पहिल्याच वर्षांत दुष्काळ येऊन पडला. मोजायला माणसं हवी होती. मी सांख्यिकी घेऊन बी.ए. झालो होतो आणि घरी तीन वेळा जेवत होतो, म्हणून घरच्यांनी मला पाठवून दिलं. कार्यालय कुठलं ते सांगत नाही. त्यातली काही माणसं अजून लग्नकार्यात भेटतात. दारावरच्या पाटीवर जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून त्यावर नवं रंगवलेलं होतं, आणि ऊन तिरपं पडलं की खालचं जुनं नाव वर यायचं. टेबलं आली नव्हती. आम्ही कागदांच्या गठ्ठ्यांवर बसून कागदांच्या गठ्ठ्यांवरच लिहायचो.

त्यात मी नांदेडचा. नांदेडचा माणूस आणि लातूरचा माणूस एकमेकांकडे कसे बघतात हे ज्याला ठाऊक नसेल त्याने एका चुलीपाशी बसलेल्या दोन जावा बघाव्यात. पहिल्याच दिवशी माझं नाव कुणी विचारलं नाही. मी ‘नांदेडकर’ झालो तो झालोच.

माझे साहेब उदगीरचे. घराणं धान्याच्या व्यापारातलं. पोत्याच्या तोंडाशी चांगली तूर आणि पोटात कचरा, हे लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना पोतं वाटायची आणि तिच्यात सळई खुपसून मधला माल बाहेर काढावासा वाटायचा. मी हजर झालो तेव्हा त्यांनी माझ्याकडेही तसंच पाहिलं. मग एक कागद पुढे टाकला. शेतांचे गट नंबर होते, पंधरा-वीस.

“बेरीज कर.”

मी केली. उलटून पुन्हा केली. छाती काढून सांगितली.

“शाब्बास. आता ह्या बेरजेचं काय करायचं? लोणचं घालायचं?”

आजूबाजूच्या गठ्ठ्यांवरून हसू आलं. साहेब मला बाहेर टपरीवर घेऊन गेले आणि दोन अर्ध्या चहांमध्ये त्यांनी मला जे शिकवलं ते माझ्या कॉलेजने दोन वर्षांत शिकवलं नव्हतं.

“हे बघ, काही आकडे म्हंजे निसती नावं. गट नंबर दोनशेचं रान शंभरच्या रानापेक्षा दुप्पट न्हाई. माणसाला नाव असतंय, रानाला नंबर. बेरीज करून काय करशील? दुसरे आकडे रांगेत उभे असतात. आमच्या मोंढ्यात तूर एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. दोनपेक्षा एक चांगली, एवढं मालूम पडतंय. किती चांगली ते त्या आकड्याला इचारू नको, त्यालाच मालूम न्हाई.”

“आणि तापमान?” मी हुशारी दाखवली.

“ते तिसरं. काल बेचाळीस, आज एक्केचाळीस. एक अंश उतरला, हे खरं. पण चाळीस म्हंजे विसाच्या दुप्पट ऊन असं म्हणलास तर मार खाशील. त्याचं शून्य माणसानं सोयीनं ठेवलेलं हाय. शून्य अंश झाले म्हणून ऊन संपलं, असं असतंय का? चौथं माप मात्र खानदानी. वजन, लांबी, पाणी. शून्य फूट पाणी म्हंजे पाणी न्हाईच. चार फूट म्हंजे दोनाच्या दुप्पट. तिथं खुशाल बेरीज कर, खुशाल भाग दे.”

“घागरी त्यातच ना?”

“घागरी मोजायच्या, पाणी मापायचं. साडेतीन घागरी डोक्यावर घेऊन बाई येत न्हाई, पण विहिरीत साडेतीन फूट पाणी असू शकतंय. तर नांदेडकर, आकडा भेटला की आधी चौकशी कर. तू कोण? नाव हायस, का रांगेतला हायस, का खरंखुरं माप? मग त्याला आत घे.”

पुस्तकात याच चौघांना नामदर्शक, क्रमदर्शक, आंतर आणि गुणोत्तर अशी भरजरी नावं होती आणि ती पाठ करून मी पास झालो होतो. ती कळली टपरीवर. निदान मला तसं वाटलं. कळली नव्हती, हे कळायला तीन आठवडे जायचे होते.

काम विहिरींचं होतं. गावोगाव जायचं, प्रत्येक विहिरीची एक ओळ भरायची. पहिल्या रकान्यात गट नंबर. दुसऱ्यात बांधकाम, पक्कं असेल तर एक, कच्चं असेल तर दोन. तिसऱ्यात चव, गोड एक, मचूळ दोन, खारट तीन. चौथ्यात पाणी किती फूट. आणि फॉर्मच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक सूचना: कोणत्याही रकान्याची माहिती न मिळाल्यास तेथे ९ लिहावे. या आकड्यांवरून प्रत्येक गावाची सरासरी निघणार होती, आणि ज्या गावाची सरासरी दोन फुटांच्या आत, त्या गावाला टँकर.

मला मिळालेल्या गावांपैकी एक उदगीरच्या पलीकडे, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेलं. एसटीतून उतरलो तेव्हा गाव इतकं निरागस दिसत होतं की मला पहिल्यांदा आयुष्यात संशय आला. पारावर माणसं बसली होती आणि एकही माणूस माझ्याकडे बघत नव्हता. खेड्यात परका माणूस उतरल्यावर त्याच्याकडे कुणीच बघत नाही, हे शक्य आहे का? न बघण्याची जणू तालीम झाली होती.

झालीच होती. टंचाईत भरली विहीर सरकार ताब्यात घेतं, ही बातमी माझ्या एसटीच्या आधी पोचली होती. गावात बारा विहिरी असल्याची नोंद माझ्याकडे होती. मी रानोमाळ हिंडलो आणि मला दिसल्या पाच. बाकी सात जागी कडब्याच्या गंजी रचलेल्या. दुष्काळात जनावरांना धाट मिळत नाही, आणि या गावात सात सात गंजी! त्याही नेमक्या गट नंबरावर! आणि गंजीतून पंपाची वायर बाहेर येऊन विजेच्या खांबाला गेलेली!

सगळ्यात मोठ्या गंजीपाशी एक वयस्कर बागायतदार बसले होते. गाव त्यांना मामा म्हणे.

“मामा, इथं विहीर आहे ना?”

“नीरु इल्ला.”

“काय?”

“इल्ला, इल्ला.”

म्हणजे पाणी नाही, नाही. याच मामांना दहा मिनिटांपूर्वी पारावर एकाला अस्खलित मराठीत शिव्या घालताना मी ऐकलं होतं. सरकारी माणूस दिसला की मामांच्या विहिरीआधी त्यांचं मराठी आटायचं.

“मग ही वायर कुठं जाते?”

मामांनी वायरीकडे असं पाहिलं की जणू ती आत्ताच उगवली. “गंजीला,” ते म्हणाले. मराठीत.

मी तरी काय करणार? गंज उपसायला माझ्याकडे पोलीस नव्हते. सूचनेप्रमाणे ओळ भरली. बांधकाम नऊ, चव नऊ, पाणी नऊ. अशा सात ओळी. उरलेल्या पाचांपैकी चार विहिरींत दगड बांधलेली दोरी सोडून पाणी मोजलं, दोन फुटांवर एकही गेली नाही. पाचवी गावाबाहेर, ओढ्याच्या अंगाला, बौद्ध वस्तीची.

तीस-बत्तीस घरं आणि त्यांची ती एकच विहीर. तळाशी एक मुलगी उतरलेली, खडकाच्या फटीतून झिरपणारं पाणी वाटीने घागरीत भरत होती. काठावर वस्तीतली बालवाडीची ताई उभी होती. वय तिशीच्या आत, पदर कमरेला खोचलेला, हातात हजेरीची वही. मी दोरी सोडली. दगड खडकावर वाजला.

“शून्य,” मी लिहिलं.

“शून्य कसं?” ताईने वही उघडली. “सकाळपासून बारा घागरी निघाल्यात. मागच्या हप्त्यात एकोणीस निघायच्या. त्याच्या आधी सव्वीस.”

“ही हजेरीची वही ना?”

“हाव. पोरं पाण्याला जातेत, बालवाडीत कुणी येईना. मग हजेरी कुणाची मांडू? घागरीची मांडून राहिले.”

“ताई, फॉर्मात घागरींचा रकाना नाही. फुटात लिहायचं आहे.”

तिने वही मिटली. “टँकर येणार का न्हाई, तेवढं सांगा. ह्या बारा घागरी हायत तवर ठीक. मग बायांनी दोन कोस नदीच्या वाळूत झिरे उकरायला जायचं का?”

मी छातीवर हात ठेवला. नाटकातल्यासारखा ठेवला, कबूल करतो. तेव्हा मला हात ठेवायला आवडायचं. “शून्य लिहिलंय ताई. शून्याला टँकर मिळणार नाही तर कुणाला मिळणार?”

परत आल्यावर साठ गावांचे फॉर्म माझ्यापुढे पडले, माझे आणि माझ्यासारख्या इतरांचे. साहेबांनी सरासऱ्या काढायला बसवलं. मी दोन दिवसांत काढल्या. मान वर न करता, भराभर, रकान्यात वरून खाली बोट फिरवत. माझी बेरीज पाहायला चपराशी चहा घेऊन उभे राहायचे, असा माझा वेग. यादी वर गेली. टँकर सुटले.

त्यानंतर आठवड्याने दारात ताई उभी. पहाटेच्या गाडीने आलेली, पायात धूळ, कमरेला तोच खोचलेला पदर. सरळ माझ्या गठ्ठ्यापाशी आली.

“आमचा टँकर कुणाच्या दारात गेला?”

“म्हणजे?”

“तुम्ही छातीवर हात ठिवला होता का न्हाई? शेजारच्या गावाला आला. त्याच्या शेजारच्याला आला. आमच्या गावाचं नावच न्हाई यादीत. विहिरीतून आता सहा घागरी निघतेत साहेब. सहा. बत्तीस घरं हायत. दोन बायांनी झिऱ्याला जाऊन पाय मोडून घेतलेत. कोण खाल्लं आमचं नाव?”

मला खरोखर धक्का बसला. मी यादी पाहिली. नाव नव्हतं. आणि त्या क्षणी, वाचकहो, माझी डावी भुवई पहिल्यांदा वर चढली. कुणीतरी घोटाळा केला होता! माझ्या शून्याला कुणीतरी खाल्लं होतं! मी ताईला बसायला एक चांगलासा गठ्ठा दिला आणि छडा लावायला निघालो.

पहिला संशय टँकरच्या ड्रायव्हरवर. तो माझ्याशी बोलताना नजर टाळत होता. मी दोन तास त्याच्या मागे मागे हिंडलो. शेवटी तो वळून म्हणाला, “भाऊ, काय काम हाय का तुमचं? डोळा आलाय मला, जवळ येऊ नका.”

दुसरा संशय मामांवर. गंज रचणारा माणूस यादीत हात घालणार नाही कशावरून? पण मामा लातूरला आल्याचं कुणीच पाहिलं नव्हतं, आणि कार्यालयातल्या सगळ्यांना मी मामांचं वर्णन इतकं रंगवून विचारलं की संध्याकाळपर्यंत चौघांना ते दिसल्यासारखे वाटू लागले होते.

तिसरा संशय सांगायला लाज वाटते. साहेबांवर. उदगीरचे, म्हणजे तिकडचेच. मामांचा माल यांच्याच मोंढ्यात जात असणार. मी त्यांच्या गठ्ठ्याभोवती घिरट्या घातल्या. ते बाहेर गेल्यावर त्यांच्या कागदांवर नजर टाकली. ते मागूनच म्हणाले, “काय रे, सळई खुपसायलास का?”

“साहेब, एका गावाचं नाव यादीतून गेलंय. हे आपोआप होत नाही.”

“मग?”

“मला संशय आहे.”

“आहे ना? छान. मग तो फॉर्मवर घे. माणसावर नंतर.”

फॉर्म निघाला. साहेब, मी आणि ताई त्यावर वाकलो. तळाशी माझ्याच वळणदार अक्षरात सरासरी: साडेपाच फुटांच्या वर. साठ गावांत इतकं पाणी दुसरीकडे कुठेच नव्हतं. नवाच समुद्र सापडला होता जिल्ह्याला.

ताई बोट ठेवून एकेक ओळ वाचत होती. मध्येच थांबली.

“ही मामाची विहीर. नऊ फूट?”

“हो.”

“तुम्ही बघितली कधी? तिच्यावर तर गंज हाय.”

“बघितली नाही, म्हणूनच तर नऊ...”

वाक्य पुरं झालंच नाही. माझ्या तोंडातून निघालेला शब्द माझ्याच कानात शिरला. त्या रकान्यात सात नऊ होते. ते पाणी नव्हतं. ते ‘पाहता आली नाही’ याचं टोपणनाव होतं. चवीच्या रकान्यात त्याने काही बिघडत नव्हतं, कारण तिथे एक, दोन, तीनसुद्धा नावंच होती. पण पाण्याच्या रकान्यात बाकीचे सगळे आकडे खरे फूट होते आणि त्यांच्यात हे सात तोतये, फुटांचेच कपडे घालून, मांडी ठोकून बसले होते. माझं बोट वरून खाली आलं आणि त्याने एकालाही विचारलं नाही की बाबा, तू कोण. सात नव्वे त्रेसष्ट, अधिक खरे चार, सदुसष्ट, भागिले बारा. गावाने पाणी लपवलं आणि मी ते वाढवून लिहिलं. टँकर ना ड्रायव्हरने पळवला होता, ना मामांनी. आठवडाभर वस्तीतल्या बाया ज्या वाटेने नदीपर्यंत चालल्या, ती वाट माझ्या बेरजेने आखली होती.

मी ताईकडे बघू शकलो नाही. ती मात्र माझ्याकडे बघत होती.

“म्हंजे तुम्हीच,” ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मीच.”

“बरं. आता नीट करा.”

साहेबांनी बाकीच्या एकोणसाठ गावांचे फॉर्मही काढायला लावले (आणखी तीन गावांत तोतये निघाले), आणि दुसऱ्या दिवशी जीप मागवून आम्ही तिघं त्या गावाला गेलो. वाटेत मी एक तोडगा काढला आणि हळूच साहेबांच्या कानात सांगितला. “साहेब, ते सात रकाने सरळ कोरे ठेवू. मोजलेल्या पाचच घेऊ. चार फूट भागिले पाच. एक फुटाच्या आत सरासरी. टँकर उद्या.”

“पाहिली न्हाई म्हंजे नऊ फूट न्हाई, हे तू काल शिकलास. पाहिली न्हाई म्हंजे त्या विहिरीच न्हाईत, हे कुठं शिकलास?”

मागच्या सीटवरून ताई म्हणाली, “उद्या मामानं गंज हटवली की टँकर बंद. मला असला टँकर नको.”

गावात पार तसाच भरलेला होता आणि तसंच कुणी बघत नव्हतं. साहेब पारावर उभे राहिले. मला वाटलं आता दरडावणार. ते इतक्या प्रेमाने बोलले की माझ्या अंगावर काटा आला.

“मंडळी, तुमच्या सात विहिरींत पाणी न्हाई म्हणून कळलं. लई वाईट वाटलं. त्या कोरड्या लिहून टाकू. आणि कोरड्या विहिरीवर पंपाला वीज कशाला जाळायची? जोडणी तोडायला आजच लिहून देतो.”

मग मामा उठले.

“थांबा, थांबा साहेब. कोरडी कोण म्हणलं? हे नांदेडचं पोरगं का? त्याला कन्नडा येत न्हाई!”

पुढच्या दोन तासांत त्या गावात कडबा असा उडाला की लग्नातल्या अक्षता काय उडतील. सात गंजी हटल्या, सात विहिरींनी तोंडं उघडली. मी दोरी सोडत गेलो आणि साहेब लिहीत गेले. चार. सहा. तीन. पाच. सात. चार. चार. पाणी होतं. मामांच्या विहिरीत सर्वांत जास्त, सात फूट, गार आणि गोड. मामांनी ओंजळभर मला पाजलंसुद्धा.

पारावर बसून मी बेरीज केली. या वेळी प्रत्येक आकड्याला विचारून. तेहतीस आणि चार, सदतीस, भागिले बारा. तीन फुटांच्या वर.

मी पुन्हा केली. तीन फुटांच्या वर. नियम दोन फुटांचा.

ताईने माझा चेहरा वाचला असावा. “न्हाई बसत?”

“नाही बसत.”

आता कुणीही खोटं लिहिलेलं नव्हतं. फॉर्ममधला एकेक आकडा खणखणीत होता, आणि टँकर नव्हता. मला वाटलं होतं की चूक सुधारली की न्याय होतो. असा मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो.

मामा मोठ्या मनाने म्हणाले, “अगं, गावात पाणी हाय की. आम्ही कुणाला न्हाई म्हणतो का?”

“म्हणत न्हाईत मामा,” ताई म्हणाली. “कडबा घालतेत.”

ती साहेबांकडे वळली.

“साहेब, एक इचारू? लातूर उस्मानाबादेत होतं तवा लातूरचं पाणी, लातूरचा दुष्काळ, समदं उस्मानाबादच्या सरासरीतच जायचं का न्हाई?”

“जायचं.”

“मग वेगळं कामून केलं?”

साहेबांनी चष्मा काढला. “त्यात मिसळून जायचं. दिसायचं न्हाई म्हणून.”

“मग आम्हालाबी दिसू द्या की. मामाचे सात आणि आमचं शून्य मिळून साडेतीन झाले, त्यातले साडेतीन फूट माझ्या विहिरीत कुणी आणून वतणार हाय का?”

मामा तटकन उठले. “गाव एक हाय! कागदावर गाव फोडायलीस का ग?”

“कागदावर एक हाय मामा. पाण्याला दोन हायत, हे तुम्हालाबी ठाव हाय आन् मलाबी.”

साहेबांनी फॉर्म पुढे ओढला. मला वाटलं ते नाही म्हणणार. रकाना छापील असतो, त्यात ओळ वाढवणं म्हणजे सरकारी कागदाला हात लावणं, आणि साहेबांची नोकरी पक्की होती, माझ्यासारखी उडती नव्हती. त्यांनी माझ्याकडून पट्टी मागितली. बारा नंबरची, वस्तीच्या विहिरीची ओळ एका रेघेने खोडली, बाजूला सही केली. मग छापील रकाने जिथे संपतात त्याच्या खाली दुसरी रेघ ओढली आणि तिच्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: वस्ती स्वतंत्र. घरे बत्तीस. विहीर एक. पाणी शून्य फूट. त्यांनी ताईकडे हात पुढे केला.

“ती हजेरीची वही दे. घागरी पण लिहितो. मोजलेलं हाय ते वाया कामून घालवायचं?”

त्यांनी तारीखवार सगळ्या घागरी उतरवून घेतल्या, शेवटच्या सहापर्यंत. मग वही परत करताना मला म्हणाले, “सही तूपण कर नांदेडकर. लफडं झालं तर मला एकट्याला कामून?” मी केली. अक्षर याही वेळी वळणदारच आलं. त्या अक्षराला कसलीच लाज नव्हती.

लफडं झालं. वरून दोनदा विचारणा आली की छापील फॉर्ममध्ये हाताने ओळ वाढवण्याचा अधिकार कुणाचा. साहेबांनी दोन्ही वेळा एकच उत्तर पाठवलं, की सदर वस्तीची विहीर समक्ष येऊन पाहावी. कुणी आलं नाही, पण चौथ्या दिवशी टँकर मंजूर झाला. दिवसाआड एक, फक्त वस्तीला.

पहिल्या खेपेला मीही टँकरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून गेलो. डोळा आलेलाच ड्रायव्हर होता. आता बरा झाला होता, तरी मी जरा अंग चोरूनच बसलो. वस्तीत घागरींची रांग लागलेली. पोरं टँकरला हात लावून बघत होती. मला वाटलं ताई आता काहीतरी चांगलं बोलेल. मी हात कुठे ठेवावा याचा विचार करत होतो. छातीवर नाही, एवढं ठरलं होतं.

ताई सरळ टँकरच्या मागच्या शिडीने वर चढली. हातात एक लांब तुराटी होती. तिने झाकण उघडलं, तुराटी आत तळापर्यंत सोडली, वर काढली आणि ओल कुठवर आली ते उन्हात धरून बघितलं. काडीचा वरचा बराचसा भाग कोरडा होता.

“ह्या कागदावर काय लिहिलंय?” ड्रायव्हरने सहीसाठी दिलेला कागद हलवत तिने वरूनच विचारलं. “पूर्ण टँकर पोचला म्हणून सही करायची हाय ना मी?”

“हाव,” ड्रायव्हर म्हणाला.

“हे तर पाऊणच हाय.”

“ताई, रस्ता खराब हाय. सांडतंय वाटेत.”

“सांडू द्या की. मी कुठं काय म्हणलं?” ती शिडीवरून खाली उतरली, तुराटीला ओल होती तिथे नखाने खूण केली आणि कागद माझ्या हातात दिला. “पूर्ण खोडा. पाऊण लिहा. मग सही करते.”

मी पूर्ण खोडलं, पाऊण लिहिलं. तिने दोनदा वाचलं, आणि मग सही केली.